माडीवरचा उकाडा आणि गच्चीवरचं पाणी: गोव्यातल्या घरासाठी इन्सुलेशन कसं निवडावं

मे महिन्यात रात्री दहा वाजता माडीवरच्या खोलीत जाऊन पाहा. बाहेर अंगणात वारा असतो, माडांची झावळं हलत असतात, पण खोलीतला पंखा लावला की गरम हवाच अंगावर उतरते. स्टुलावर चढून स्लॅबला तळहात लावला तर सूर्य मावळून तीन तास झाले यावर विश्वास बसत नाही.

फोंड्याजवळच्या आमच्या घरावर माडी चढली त्याला वीस वर्षं होऊन गेली. त्यातली बरीच वर्षं मे लागला की सगळ्यांची अंथरुणं खाली वसरीत यायची. त्या माडीसाठी मी दोनदा खर्च केला. पहिल्यांदा आतून: जिप्समचं फॉल्स सीलिंग आणि त्यावर ग्लासवूल. एक उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलेली असताना, सीलिंगच्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा डाग उमटला. उघडलं तर ग्लासवूल भिजलेल्या घोंगडीसारखं जड होऊन बसलेलं. स्लॅब नेमका कुठून पाझरतोय हे त्याच्या आडून महिनोन्महिने दिसलंच नव्हतं. सगळं उतरवून टाकावं लागलं. दुसऱ्यांदा काम गच्चीवरून केलं आणि ते टिकलं. तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच गोष्ट आधी सांगतो: गोव्यात इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, निवडताना पहिला प्रश्न पाण्याचा, उन्हाचा त्याच्या नंतर.

त्याचं कारण साधं आहे. थर्माकोल असो, रॉकवूल असो की फोम, उष्णता अडवते ती त्यात कोंडलेली हवा किंवा वायू. त्या पोकळ्यांत पाणी शिरलं की खेळ संपला, कारण पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत. दिल्ली-जयपूरच्या कोरड्या हवेत चालणारं साहित्य इथे त्याच भरवशावर घेता येत नाही.

आधी उष्णता येते कुठून ते बघा

माडी तापते म्हणजे छप्परच दोषी, असं गृहीत धरू नका. एखाद्या निरभ्र दिवशी दुपारी चार वाजता आणि पुन्हा रात्री नऊला तळहाताने चाचणी करा: आधी स्लॅब, मग पश्चिमेची भिंत, मग पूर्वेची. हातात धरायचं इन्फ्रारेड थर्मामीटर मिळालं तर उत्तम, नेमके आकडे मिळतील. फक्त चकाकत्या फॉइलवर किंवा पॉलिश केलेल्या धातूवर ते चुकीचं तापमान दाखवतं, तिथे त्यावर विसंबू नका.

पश्चिमेची भिंत स्लॅबपेक्षा गरम लागली तर तुमचा पैसा आधी तिकडे जायला हवा. छज्जा वाढवा, बाहेरून बांबूचा किंवा वाळ्याचा पडदा सोडा, शक्य असेल तर त्या बाजूला झाड लावा. चिऱ्याची जाड भिंत उष्णता उशिरा आत सोडते. नव्या बांधकामातली पातळ ब्लॉकची भिंत ती लवकर सोडते, त्यामुळे एकाच वाड्यावरच्या दोन घरांचं दुखणंही वेगळं असू शकतं.

तरी बहुतेक ठिकाणी स्लॅबच निघतो. पणजीचा अक्षांश साधारण साडेपंधरा अंश. मेच्या पहिल्या दिवसांत भर दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो आणि आभाळ अजून मोकळं असतं. त्या वेळी आडव्या गच्चीच्या दर चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास उष्णता ओतली जाते. काळवंडलेलं काँक्रीट त्यातली बरीचशी पिऊन घेतं, आणि ती सहा इंचांतून खाली उतरायला काही तास लागतात. म्हणून दुपारपेक्षा संध्याकाळ आणि रात्र जास्त जाचते.

थंड देशांत वरच्या मजल्याच्या फरशीत गरम पाण्याच्या नळ्या फिरवतात आणि त्यांच्या खाली इन्सुलेशन घालतात, नाहीतर ऊब खालच्या घरात निघून जाते. आपल्या गच्चीवर ऊन नेमकं नळ्यांचं काम करतं. नियमही तेच लागू पडतात: थर उष्णतेच्या उगमाजवळ हवा, मधे फट नको, आणि वरून वजन येणार असेल तर तो दबता कामा नये.

दोन दिवसांचा प्रयोग, आणि चुन्याचा हात

मोठा खर्च करण्याआधी एक स्वस्त चाचणी करा. एका खोलीच्या वर, गच्चीपासून दोनेक फूट उंचीवर, शेतीची हिरवी शेडनेट किंवा जुनी ताडपत्री ताणून बांधा. खालून वारा जाऊ द्या. दोन दिवसांनी रात्री नऊला त्या खोलीचा स्लॅब आणि शेजारच्या खोलीचा स्लॅब हाताने ताडून पाहा. फरक स्पष्ट जाणवला तर छपरावरच्या कामाचा उपयोग होणार हे नक्की. जाणवला नाही तर पुन्हा भिंती आणि खिडक्यांकडे वळा.

त्यानंतरची पायरी पांढऱ्या रंगाची. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग नवा असताना सत्तर ते ऐंशी टक्के ऊन परतवतो. चुना आणि त्यात मिसळलेला चिकटा किंवा बाजारात मिळणारा उष्णता परतवणारा रंग, दोन्ही चालतात. हे इन्सुलेशन नव्हे, पण उष्णता आत शिरण्याआधीच परत पाठवणं हा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे, आणि पुढे थर घातलात तरी वरचा पृष्ठभाग पांढराच ठेवायचा आहे. आपल्याकडे एकच अडचण: पावसाळ्यात शेवाळ चढतं आणि सप्टेंबरपर्यंत गच्ची काळी होते. दरवर्षी ऑक्टोबरनंतर घासून, शिगम्याच्या आधी पुन्हा हात मारावा लागतो. ज्यांना एवढं करणं शक्य आहे आणि ज्यांची माडी रात्री वापरात नसते, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

वरून की खालून

गच्ची तुमची असेल तर वरून. यात मला शंका राहिलेली नाही. थर स्लॅबच्या वर असला की स्लॅब स्वतःच सावलीत राहतो. तो रोज तापून फुगत नाही आणि रात्री आकसत नाही, त्यामुळे त्याला आणि खालच्या वॉटरप्रूफिंगला भेगा कमी पडतात. खालून थर लावला तर स्लॅब पूर्वीसारखाच भाजत राहतो आणि गळती झाकली जाते. माझ्याकडे नेमकं तेच झालं.

खालून काम करायची वेळ येते ती फ्लॅटमध्ये, जिथे गच्ची सोसायटीची असते. मडगाव-वास्कोतल्या वरच्या मजल्यावरच्या ओळखीच्यांना मी आधी सोसायटीशी बोलायलाच सांगतो, कारण गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधीतरी सगळ्यांना मिळून करायचंच असतं आणि त्याच वेळी इन्सुलेशनचा बोर्ड घातला तर मजुरी वाचते. ते जमलंच नाही तर स्लॅबला आतून बंद पोकळ्यांच्या फोमचे बोर्ड चिकटवून त्याखाली जिप्सम लावा. तंतुमय साहित्य, म्हणजे ग्लासवूल आणि रॉकवूल, गळका इतिहास असलेल्या स्लॅबखाली नको. एसीची खोली असेल तर बोर्डांचे सांधे टेपने पक्के बंद करा. मेमध्ये बाहेरची हवा ३२ अंश आणि आर्द्रता सत्तर टक्के असताना दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, २६ अंशांच्या आसपास असतो. एसीने थंड झालेल्या सीलिंगच्या वर ती दमट हवा फटीतून पोचली की तिथे घाम धरतो, आणि पाठोपाठ बुरशी. आणखी दोन गोष्टी इलेक्ट्रिशियनला बजावून सांगा: इन्सुलेशनमध्ये गाडलेल्या वायरी जास्त तापतात, आणि पीव्हीसीचं वेष्टन थर्माकोलला थेट चिकटून राहिलं तर कालांतराने कडक होऊन तडकतं. वायरी कंड्युटमधूनच (संरक्षक नळीतूनच) न्या. फोम उघडा ठेवू नका, तो पेटू शकतो.

कोणतं साहित्य

एक्सपीएस बोर्ड हा गच्चीसाठी माझा पहिला पर्याय. तो थर्माकोलच्याच कुळातला, पण दाबून काढलेला, त्याच्या पोकळ्या एकमेकींपासून पूर्ण बंद. आकारमानाच्या एक टक्क्याच्या आतबाहेर इतकंच पाणी तो शोषतो. उष्णतावाहकता (जितकी कमी तितकी बरी) ०.०३ वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास. घेताना घनता विचारा, ३० ते ३५ किलो प्रति घनमीटर हवी, आणि दाब सहन करण्याची क्षमता २५० किलोपास्कलच्या वर. माणसं चालतील, वाळवणं पडतील, चवथीला पाहुणे गच्चीवर बसतील, तेव्हा हाच आकडा कामी येतो. त्याला दोन शत्रू: ऊन आणि सॉल्व्हंट. उघड्यावर ठेवला तर पिवळा पडून भुसभुशीत होतो, आणि साधारण ७५ अंशांच्या पुढे आकार सोडतो. गरम डांबर किंवा थिनर असलेला गोंद लागला तर विरघळतो. वॉटरप्रूफिंगवाला गॅसच्या ज्योतीचा टॉर्च घेऊन काम करणार असेल तर त्याचं काम पूर्ण थंड होईपर्यंत बोर्ड गच्चीवर आणूच नका.

साधा थर्माकोल, म्हणजे ईपीएस, स्वस्त पडतो आणि दुकानदार 'तेच ते' म्हणून पुढे करतो. तेच ते नाही. त्याच्या दाण्यांमधल्या फटींतून पाणी शिरतं, हलक्या घनतेचा तर पायाखाली दबतोही. शिवाय मुंग्या आणि वाळवी त्यात बोगदे करतात.

पॉलियुरेथेन, ज्याला सगळे पफ म्हणतात, कमी जाडीत सगळ्यांत जास्त उष्णता अडवतो (०.०२५ च्या आसपास). फवारून घातला तर सांधेही राहत नाहीत. पण तो फवारणाऱ्या माणसाच्या हातावर सगळं अवलंबून. पृष्ठभाग जरा ओला असेल तर फोम फुगतो आणि नंतर सुटतो. वर लावलेला उन्हापासूनचा लेप तडकला की उघडा फोम ऊन-पाण्यात झपाट्याने कुजतो. ज्याने केलेलं काम गोव्यात किमान तीन पावसाळे टिकलेलं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, त्यालाच द्या.

ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आपल्या मेस्तांच्या (गवंड्यांच्या) हातात बसलेला आहे, आणि उताराला चांगला. इन्सुलेशन म्हणून मात्र तो दुबळा. वजन बघा: १०० मिमी कोब्याचा दर चौरस मीटरला जवळजवळ १९० किलो भार, तर ५० मिमी एक्सपीएसचा दीड किलोच्या आसपास. किनाऱ्याजवळच्या जुन्या घरांत, जिथे खारट हवेने सळ्या गंजून स्लॅबचे पापुद्रे निघालेत, तिथे आणखी कोबा चढवण्याआधी इंजिनियरला दाखवाच.

उलटी मडकी, नारळाचा काथ्या, भाताचं तूस असे देशी पर्याय लोक आपुलकीने सुचवतात. मडक्यांत कोंडलेली हवा खरोखर काम करते, पण त्यांच्यामधल्या भरावात पाणी साचतं. काथ्या आणि तूस आपल्या दमट हवेत वाळवीचं आणि उंदरांचं घर होतं. मला हे साहित्य आवडतं, तरी गच्चीसाठी सुचवणार नाही.

जाडी किती

इथे थोडा हिशेब करा, कारण विक्रेता नेहमी जास्त जाडी सुचवतो. छपरातून दर चौरस मीटरला, दर एक अंश फरकामागे किती वॅट उष्णता जाते तो आकडा म्हणजे यू-व्हॅल्यू, जितका लहान तितका बरा. प्लास्टर केलेल्या १५० मिमी उघड्या स्लॅबचा तो ३.१ च्या आसपास येतो. १०० मिमी कोबा घातला तर २.२. एक्सपीएस २५ मिमी घातला तर ०.८७, ५० मिमीला ०.५, ७५ मिमीला ०.३५, आणि १०० मिमीला ०.२७.

म्हणजे पहिल्या एका इंचाने जो फरक पडतो तो पुढच्या तीन इंचांनी मिळूनही पडत नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने घरांसाठी काढलेल्या इको निवास संहिता २०१८ मध्ये छपराची मर्यादा १.२ आहे. कागदावर २५ मिमी बोर्ड ती सहज गाठतो. तरी मी ५० मिमी घ्या म्हणतो. पातळ बोर्ड वाकडातिकडा बसतो, त्याच्या सांध्यांत फटी राहतात, आणि मजुरी तर तेवढीच लागते. ७५ मिमीचा विचार दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीसाठीच करा. पंख्यावर राहणाऱ्या माणसाला तेवढे पैसे पश्चिमेच्या खिडकीवर घातले तर जास्त सुख मिळेल.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. इन्सुलेशन आतली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. पंख्यावरच्या खोलीत संध्याकाळी सातनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडल्याच पाहिजेत, नाहीतर माणसांची आणि उपकरणांची ऊब आतच राहते.

काम कोणत्या क्रमाने

दिवाळी झाली की सुरू करा आणि शिगम्याच्या आत संपवा. एप्रिल-मेमध्ये अवकाळी सरी येतात, आणि पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या, धावपळीत मेस्त मिळत नाही.

पहिलं काम दुरुस्तीचं. जुना पोकळ वाजणारा कोबा काढा, भेगा भरा, पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅबच्या कोनात नीट वाटा (गोलाई) मारून घ्या. मग उतार: मीटरला किमान एक सेंटीमीटर, थेट पाण्याच्या पन्हळीकडे. त्यावर वॉटरप्रूफिंग, पॅरापेटवर वीतभर चढवलेलं. आता पन्हळीची तोंडं बंद करा आणि गच्चीवर पाणी भरून किमान ४८ तास ठेवा. खाली ओलीचा ठिपकाही दिसला तर पुढे जाऊ नका. ठेकेदार म्हणेल 'पावसात बघू'. ऐकू नका. बोर्ड घातल्यानंतर गळती शोधणं म्हणजे सगळं पुन्हा उकरणं.

चाचणी पार पडली की वॉटरप्रूफिंगच्या वर बोर्ड, विटांसारखे सांधे चुकवून, एकमेकांना घट्ट टेकवून. अर्धवट खाच असलेल्या कडांचे बोर्ड मिळाले तर तेच घ्या, सांध्यातून उष्णता सरळ उतरत नाही. पॅरापेटपर्यंत पूर्ण जा. पाण्याच्या टाकीच्या ओट्याभोवती हातभर जागा सोडून देतात, तीच पुढे तापून खाली गरम पट्टा दाखवते. बोर्डावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं कृत्रिम धाग्यांचं, कापड, त्यावर जाळी घालून ४०-५० मिमी काँक्रीटचा थर. हा थर वजनासाठीही लागतो: पाणी खाली शिरलं तर ५० मिमीचा मोकळा बोर्ड अक्षरशः तरंगायला लागतो, आणि वादळात उडतो. काँक्रीटला दोन-तीन मीटरांवर सांधे ठेवा, सात दिवस पाणी मारा. शेवटी पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक किंवा पांढरा रंग. मोझॅक महाग पडतं, पण शेवाळ घासून निघतं, म्हणून मी तेच केलं.

पन्हळीचं तोंड वॉटरप्रूफिंगच्या पातळीवर हवं, वरच्या फरशीच्या पातळीवर नव्हे. सांध्यांतून खाली गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट लागते. मेस्त हे हमखास विसरतात, तेव्हा तुम्ही स्वतः उभे राहा.

कौलं आणि पत्रे

कौलारू छपराला जाड बोर्डाची गरज क्वचितच पडते. वासे आणि रिपा यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची फॉइल ताणा, तिच्या चकाकत्या बाजूसमोर किमान इंचभर मोकळी हवा ठेवा. ती बाजू खाली तोंड करून लावली तर धूळ बसून निकामी होत नाही. वळचण आणि मोभाजवळची हवेची वाट बंद करू नका, जुनी घरं त्याच वाटेने श्वास घेतात. फॉइल कौलाला चिकटवली तर काहीच उपयोग नाही.

स्लॅबवर पत्र्याची शेड हा आता गोव्यातला सगळ्यांत आवडता उपाय झालाय, आणि त्यात तथ्य आहे: पाऊस आणि ऊन दोन्ही एकदम अडतात. बाजू उघड्या ठेवा, पांढऱ्या किंवा फिकट रंगाचा पत्रा घ्या आणि पत्र्याच्या खाली फॉइल लावा, कारण तापलेला पत्रा खालच्या स्लॅबवर उष्णता टाकत राहतो. अशी शेड असेल तर वेगळा बोर्ड घालू नका. बांधण्याआधी पंचायतीत किंवा पालिकेत परवानगीची विचारपूस करा, आणि बोल्टमध्ये काटकसर करू नका. २०२१ च्या मेमधल्या तौक्ते वादळात किती छपरं उडाली ते आपण पाहिलंय.

काम सुरू असताना प्रत्येक थराचे फोटो काढा, बोर्डावरचं लेबल दिसेल असे, आणि बिलांसोबत घरात जपून ठेवा. चार वर्षांनी कुणीतरी सोलरचा स्टँड किंवा डिशची छत्री बसवायला ड्रिल घेऊन गच्चीवर येईल, तेव्हा भोक पाडण्याआधी त्याला ते फोटो दाखवा आणि स्टँड पॅरापेटवर किंवा काँक्रीटच्या सुट्या ठोकळ्यांवर बसवून घ्या.